बंद न पडलेला कॉम्प्युटर

घटस्फोटानंतर लेक आईकडे राहिली आणि बापाच्या वाट्याला रविवारचा व्हिडिओ कॉल तेवढा उरला. त्याचा फोन बटणांचा. भिस्त सगळी घरच्या कॉम्प्युटरवर. पण तिचा चेहरा दिसतो न दिसतो तोच पडदा निळा व्हायचा, कॉम्प्युटर मान टाकायचा. त्याने पंख्यातली धूळ झाडली, रॅम बदलली, सिस्टिम नव्याने टाकली. पालथ्या घड्यावर पाणी. अखेर दोष पॉवर सप्लायचा निघाला. तो बदलल्यावर या रविवारी लेक दिसली, दिसतच राहिली. त्याला काय बोलू, काय नको असं झालं. ती मात्र दाराकडे बघत होती. “बाबा, तुझा कॉम्प्युटर आज बंद नाही पडला?” “नाही गं, आता कधीच नाही.” तिचा चेहरा उतरला. “मैत्रिणी खाली थांबल्यात. लगेच येते म्हणालेय मी.” “अगं, पडला बघ बंद!” म्हणत त्याने स्वतःच प्लग उपटला.