पाय रोवून

"अगं, उभी काय राहिलीस? पळ की!"

गॅलरीतून आईचा आवाज आला आणि शर्वाणीचे कान तापले. आई पहिल्यांदाच तिची बास्केटबॉलची मॅच बघायला आली होती. सगळ्या पोरी बॉलमागे धावतायत आणि आपलीच तेवढी भिंतीसारखी उभी, एवढंच तिला दिसत होतं. टीममधल्या रेवाच्या मागे लागलेल्या समोरच्या टीमच्या पोरीची वाट अडवायची, तिची धडक अंगावर घ्यायची आणि रेवाला बास्केटसाठी मोकळं करायचं, हेच तर शर्वाणीचं काम होतं. टाळ्या अर्थातच रेवाला.

"पळ ना गं!"

ऐन मोक्याला शर्वाणीचा पाय सरकला. धावत आलेली पोर त्यावर अडखळून पडली. शिट्टी. फाउल! रेवाने मिळवलेले दोन गुणही गेले.

"हललीस कशाला?" सर अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले. "नुसती उभी राहिली असतीस तरी पुढे गेलो असतो!"

आई कठड्यापाशी येऊन शर्वाणीच्या पायांकडे बघू लागली.

आता शेवटचे काही सेकंद उरले होते, बॉल पुन्हा रेवाकडे होता आणि टीम एका गुणाने मागे होती. शर्वाणी पुन्हा जागेवर उभी राहिली. बरगडी ठणकत होती, तळपाय नुसते शिवशिवत होते. समोरून रेवाच्या मागावरची ती दांडगी पोर सुसाट येत होती. बाजूला हो, बाजूला हो, असं सगळं अंग सांगत होतं.

तेवढ्यात गॅलरीतून तोच आवाज आला, सगळ्या गोंगाटाच्या वर.

"हलायचं नाही गं बाय माझी! अज्जिबात हलायचं नाही!"