रिकामं कसं द्यावं?

सातासमुद्रापलीकडं लढाई जुंपली, अन् हिवरखेडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खुशालराव कापसाची गाडी घेऊन अकोल्याला गेले की पितळेची भांडी घेऊनच परतत. शेवटी बाळंतपणाला यायच्या लेकीची बाज टाकायला घरात जागा उरेना. त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी पदर खोचला अन् एकेक भांडं घरोघरी देऊन टाकलं. रिकामं कसं द्यावं, म्हणून प्रत्येकात दोन लाडू घातले.

बायकांना वाटलं, दिले ते लाडूच, भांडी परत करायची. दुसऱ्या दिवशी सगळी भांडी लख्ख घासून परत आली. रिकामं कसं आणावं, म्हणून कशात तीळ, कशात लाह्या.

शेवटी शेजारच्या गंगूबाई आल्या, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मोठं पातेलं.



"हा तुमचा गडवा. त्यात लाह्या मावल्या नाई, म्हून हा माहा गंजबी आणला. सवडीनं वापस करजा, माय!"