मशीनच्या पोटातलं मशीन

मराठी भाषा अमर आहे, असं छापखान्याचे मालक वामनराव प्रत्येक गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. फक्त त्यांच्या छापखान्यातल्या जुन्या फाँटमुळे ती जुन्या विंडोजवरच उमटायची, आणि ते जुनं विंडोज नव्या कॉम्प्युटरच्या पोटात नकली मशीन होऊन राहायचं. वामनराव स्वतः काढत त्या दिवाळी अंकाची सगळी पानं त्यातच होती. वडिलांच्या काळापासून अंक एकदाही चुकला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी ते नकली मशीन उघडेना. डिस्क खराब, एवढंच पडद्यावर येई.

"काका, काल काय केलंत?" पानं लावणाऱ्या मृदुलानं विचारलं.

"खंडेनवमीची पूजा. चालू यंत्राला हळदकुंकू कसं वाहणार? मेन स्विच बंद केला."

मृदुलानं ओढणी कमरेला बांधली. त्या मशीनची अख्खी डिस्क म्हणजे एकच भलीमोठी फाइल, आणि ती लिहिली जात असतानाच वीज तोडलेली. "मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून तिनं नक्कल काढली. ती दुरुस्त होईना. तिनं दुसरी काढली आणि धडधाकट अशा दुसऱ्या नकली मशीनला जोडून पाहिली. सोनं द्यायला आलेली माणसं कंटाळून परत गेली, पण ती खुर्चीवरून हलली नाही.

दुपारी सगळी पानं सापडली, वामनरावांच्या संपादकीयातल्या चुकांसकट.

वामनरावांचे डोळे पाणावले. हातातलं झेंडूचं फूल फिरवत ते जरा घुटमळले.

"पोरी, पाचच मिनिटं मेन स्विच बंद करू का? आतल्या मशीनची पूजा राहिलीय."