हुकूम म्हणजे हुकूम

युद्धसरावाचा शेवटचा दिवस. डोक्यावर प्रतिस्पर्धी युद्धनौका कानोसा घेत घिरट्या घालत होती. आवाज झाला की पाणबुडी सापडलीच! कप्तानानं बजावलं, "जो आवाज करील त्याचं तोंड दाबा, मग कुणी का असेना! मला विचारायला येऊ नका." एवढं बोलून पेंगुळलेला कप्तान खुर्चीत टेकला आणि घोरायला लागला. घोरणं कसलं, डिझेल इंजिनच! आता हुकूम बजावायची पाळी उपकप्तानाची! जन्मात त्यानं साहेबांपुढे "होय सर"पलीकडे शब्द काढला नव्हता. त्यानं आशेनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. शेवटी मनाचा हिय्या करून त्यानं डाव्या हातानं साहेबांचं तोंड गच्च दाबलं. साहेबांचे डोळे खाडकन उघडले. खुलासा कसा करणार? बोलायची बंदी! उपकप्तानानं डावा हात तसाच ठेवून उजव्यानं कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी डोळे वटारले, आणि सवयीनं उलट सॅल्यूट ठोकला.