शेजारची सीट

काकू गेल्या आणि काकांनी त्या दोघांची जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायचा चंगच बांधला. जुना जडशीळ डायनमो जाऊन नवा अल्टरनेटर आला, कार्बोरेटर बदलला. फाटक्या सीट्सच्या जागी मेकॅनिकने एका नव्या गाडीच्या सीट्स बसवल्या, पट्टा लावला नाही की केकाटणाऱ्या बझरसकट. फक्त "अहो हळू, इंडिकेटर द्या, समोर बघा" असं वाटभर बजावणारी शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली.

काही दिवसांनी काका ऑइल बदलायला गॅरेजमध्ये आले, तेव्हा बझरने सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती. काकांनी पट्टा तर लावलेला होता. मेकॅनिकने आत डोकावून पाहिलं. शेजारच्या सीटवर तो काढून टाकलेला डायनमो ठेवलेला होता.

"काका, याच्या वजनाने गाडीला वाटतंय इथे माणूस बसलाय! उचलू का हे धूड? लगेच गप्प होईल."

"नको रे," काका घाईघाईने म्हणाले.

"शेजारून कोणी कटकट करत नसलं, की माझी गाडी घराकडे वळतच नाही."