दोन डावे बूट

शिवणवाल्या मावशी एकट्या बाईला मिळणारा सरकारी भत्ता घेतात, पण त्यांच्या दारात पुरुषी बूट असतात, अशी तक्रार आली आणि तपासनीस जाऊन थडकला. बूट होतेच. “नवरा कुठे लपवलाय?” त्याने दरडावलं. “आधी पायात घालून बघा,” मावशी म्हणाल्या. त्याने घातले, तर दोन्ही डाव्याच पायाचे. “कोपऱ्यावरच्या मोच्याने फेकलेले उचलून आणलेत. चोरांना तेवढाच वचक.” तपासनीस पोट धरून हसला. जाता जाता त्याने मोच्याला सुनावलं, “त्या बाईंना निदान जोडीचे बूट तरी द्या.” महिन्याभराने मावशी स्वतःच कार्यालयात आल्या. “साहेब, माझा भत्ता बंद करा.” “का हो? तक्रार तर खोटी निघाली.” मावशींनी लाजून दाराकडे बोट दाखवलं. मोची नवाकोरा शर्ट घालून उभा होता. “तेव्हा खोटी होती. मग तुम्हीच यांना बूट घेऊन पाठवलंत.”