दोरीचे तीन झटके

एलिसेओने पुन्हा दोरीला तीन झटके दिले. तीन म्हणजे वर ओढ. वरून पुन्हा एकच झटका आला. एक म्हणजे थांब.

डोक्यावर पाच मीटर पाणी होतं. होडीचा तळ डुलताना दिसत होता. नळीतून हवा नीट येत होती. पण फाटलेल्या रबरी पोशाखात चिलोए बेटाभोवतीचं बर्फगार पाणी शिरलं होतं. बोटं इतकी बधिरली होती की कमरेचा शिशाचा पट्टाही सुटेना. दोरीच्या वरच्या टोकाला त्याची बायको होती, नेल्दा. तिला एवढंही कळू नये?

खोलातून आलेल्या पाणबुड्याने इथे वीस मिनिटं थांबायचं, हा नियम. घाईने वर आलं तर रक्तात बुडबुडे धरतात, माणूस लुळा पडतो. एलिसेओला ते पाठ होतं. पण नियम धडधाकट माणसाला. तो तर गारठून मरायला टेकला होता. त्याने आणखी तीन झटके दिले. मग रडला. पाण्यात रडलेलं कोणाला दिसत नाही.

वीस मिनिटं भरली तेव्हाच दोरी हलली.

"माणूस आहेस की दगड?" होडीत पडल्या पडल्या तो दात वाजवत म्हणाला. "उद्यापासून दोरी निबाल्दो धरेल."

नेल्दाने अंगातला लोकरी कोट काढून त्याच्यावर टाकला.

"मला मध्ये घेऊ नकोस, भावा," इंजिनापाशी बसलेला निबाल्दो म्हणाला. "मी ओढायला गेलो, तर हिने मला शिंपले उघडायची सुरी दाखवली!"

घरी सासरे, म्हातारे रेइनेरियो, चुलीपाशी चाकांच्या खुर्चीत जाळं विणत बसले होते. तेही पाणबुडे. बारा वर्षांपूर्वी समुद्राने त्यांचे पाय नेले, एवढंच उत्तरेकडून आलेल्या या जावयाला माहीत होतं.

"तुमच्या लेकीला काळीज नाही," एलिसेओ म्हणाला.

म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. "जरा ऊठ बघू. दारापर्यंत जा."

एलिसेओ कुरकुरत उठला, दारात गेला. अंगणात नेल्दा दोरी धूत होती. तिचे तळहात सोलून निघाले होते. भरतीच्या ओढीत वीस मिनिटं तिने त्याला धरून ठेवलं होतं.

"मी तीन झटके दिले तेव्हा पोर सोळाची होती," मागून म्हातारा म्हणाला. "तिला माझी दया आली रे. लगेच ओढलं."

एलिसेओने खाली पाहिलं. पायाची बोटं हलवली. दहाही हलली.

"नेल्दा," त्याने हाक मारली, "उद्या दोरी तूच धर."

आणि तो तिच्यापर्यंत चालत गेला.